अपील त्यांचं, वाट बघणं आपलं

(तालुका मेळाव्यात संघटनेच्या वतीनं झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गावांतले लोक मेळाव्याला येऊ शकले नाहीत, तिथं गावबैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावा.)



सकाळपासून प्लॉटच्या जमिनींवर बोलणं झालं, दंडाच्या पावत्या सांभाळण्यावर झालं. आता विषय मजुरीचा आहे. काही जण म्हणतील, आपली संघटना जमिनीची, मग रोपवाटिकेच्या मजुरांची कोर्टकेस इथं कशाला? उत्तर सोपं आहे. पावसाळ्यात आपण प्लॉटवर नागली-वरई करतो आणि उरलेले महिने त्याच जंगलात कूपावर, रोपवाटिकेत, रस्त्याच्या कामावर रोजानं जातो. जमीन कसणारा आणि पिशव्या भरणारा माणूस एकच आहे. दोन्हीकडे अनुभवही एकच येतो. निकाल आपल्या बाजूनं लागतो, पण हातात काही पडत नाही, कारण समोरचा वर जातो. वर गेला की आपली वाट बघण्याची पाळी सुरू होते.

आपल्या अकरा जणांची केस तुम्हाला माहीत आहे. तरी नव्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो. खात्याचं नाव घेत नाही, केस चालू आहे. सरकारी रोपवाटिका होती. सात बाया, चार गडी. पिशव्या भरणं, बी टोकणं, पाणी घालणं, खड्डे खोदणं. कुणाची पाच वर्षं झाली होती, कुणाची सात. १९८५ च्या जूनमध्ये मुकादमानं तोंडी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. नोटीस नाही, भरपाई नाही. कारण विचारलं तर म्हणे वरून आलंय. आम्ही सगळे मिळून कामगार अधिकाऱ्याकडे गेलो. १९८६ च्या फेब्रुवारीत समेट फिसकटला. प्रकरण कामगार न्यायालयात पाठवायचं की नाही हे ठरवायला सरकारनं १९८७ चा ऑक्टोबर उजाडवला. न्यायालयानं १९९२ च्या मार्चमध्ये निकाल दिला: कामावर परत घ्या, मागच्या मजुरीची निम्मी रक्कम द्या. गावात त्या दिवशी गूळ वाटला. त्याच पावसाळ्यात खातं हायकोर्टात गेलं आणि स्थगिती घेऊन आलं. आज १९९६ साल आहे. केस अजून हायकोर्टाच्या यादीत आहे. अकरांपैकी दोघं आता नाहीत. एक मावशी निकालाआधी गेली, एक भाऊ निकालानंतर.

आता कायद्याच्या कागदावर हे किती दिवसांचं काम आहे ते बघा. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आहे. समेट अधिकाऱ्यानं समेटाचं काम सुरू केल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा. एकट्या मजुराला काढल्याचा वाद असेल तर न्यायालयानं तो ३ महिन्यांत निकाली काढायचा. निकाल सरकारकडे आला की ३० दिवसांत प्रसिद्ध करायचा. प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांनी तो लागू होतो. सगळे दिवस मिळवले तर साडेपाच महिने होतात. त्याच कायद्यात असंही लिहिलंय की हा निकाल अंतिम आहे. म्हणजे त्याच्यावर साधं अपीलच नाही.

मग अकरा वर्षं कशी लागली? तीन जागा नीट बघा.

पहिली जागा: समेट फिसकटल्यावर प्रकरण न्यायालयाकडे पाठवायचं की नाही, हे सरकार ठरवतं. बाकी सगळ्यांना मुदत आहे, सरकारला या कामासाठी मुदतच घातलेली नाही. आपले वीस महिने तिथं गेले. आणि आपल्या केसमध्ये काढणारंही सरकारच होतं.

दुसरी जागा: न्यायालय. ३ महिन्यांची मुदत आहे, पण ती मोडली म्हणून कुणाला काही होत नाही. आपल्या केसमध्ये कधी खात्याचा वकील आला नाही, कधी हजेरीपट सापडला नाही, कधी न्यायाधीशाची जागाच रिकामी होती. प्रत्येक वेळी एसटीचं भाडं आपलं गेलं, एक रोज बुडाला. साहेबाला मात्र तारखेला आल्याचा भत्ता मिळाला.

तिसरी जागा: वरचं कोर्ट. कायद्यात अपील नाही, पण घटनेप्रमाणे हायकोर्टात अर्ज करता येतो. हा अधिकार मोठा आहे आणि तो राहायला हवा. पण व्यवहारात त्याचंच अपील झालंय. अर्ज दाखल, स्थगिती मिळाली, पुढे अंतिम सुनावणीची रांग. स्थगिती एका दिवसात मिळते आणि सुनावणीला वर्षं लागतात.

कुणी म्हणेल, आपण अडाणी, जंगलातले, म्हणून आपलं असं होतं. तसं नाही. शिकलेल्या, संघटना असलेल्या माणसांचंही असंच झालेलं आहे. १९५० साली सरकारनं कामगारांच्या वादांसाठी वेगळं अपील न्यायाधिकरण काढलं होतं. त्याच काळातला बँक कर्मचाऱ्यांचा पगाराचा वाद घ्या. १९४९ ला न्यायाधिकरण नेमलं, १९५० ला निकाल आला. १९५१ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला, कारण न्यायाधिकरणाच्या सदस्यांच्या बसण्यातच नियमाची चूक निघाली. १९५२ ला दुसरं न्यायाधिकरण, १९५३ ला दुसरा निकाल. तो अपिलात गेला, १९५४ ला अपिलाचा निकाल लागला. तो सरकारलाच मानवला नाही, म्हणून सरकारनं त्यात बदल केले. त्यावर त्या वेळचे केंद्रीय कामगार मंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. पुढे न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा आयोग बसला आणि १९५५ साली कुठं ते मिटलं. वाचता-लिहिता येणारी, कोर्टाची भाषा समजणारी, देशभर युनियन असलेली ही माणसं. त्यांना सहा वर्षं लागली.

अपिलानं उशीर होतो, खर्च होतो, ही तक्रार कामगार संघटना त्या काळी सारखी करत होत्या. शेवटी १९५६ साली कायदा करून ते अपील न्यायाधिकरण बंद केलं. पण झालं काय? अपिलाचं एक दार बंद झालं आणि मालक हायकोर्ट, सुप्रीम कोर्टाच्या दारानं जायला लागले. म्हणून आम्ही म्हणतो, नुसतं दार बदलून, कोर्टाचं नाव बदलून हा प्रश्न सुटत नाही.

मग अपीलच नको का? असंही म्हणता येणार नाही. आपल्याला अपील लागतं. तहसीलदारानं प्लॉटचा दावा फेकला तर आपणच वर जातो. पण दुसरी बाजूही आपण पाहिलीय. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा झाला. कलेक्टरच्या निकालावर महसूल न्यायाधिकरणात अपील ठेवलं होतं. ज्यांच्या ताब्यात जमिनी होत्या ते अपिलात गेले, पुढे हायकोर्टात गेले, आणि सगळा कायदाच घटनेला धरून नाही असं म्हणत सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. सुप्रीम कोर्टानं १९८४ च्या डिसेंबरात सांगितलं की कायदा बरोबर आहे. कायदा लागू झाल्यापासून नऊ वर्षं गेली होती. त्या नऊ वर्षांत जमीन कुणाच्या ताब्यात होती, पीक कुणाच्या कणगीत पडलं? निकाल आपल्या बाजूचा आणि पीक त्यांचं.

खरी गोष्ट इथं आहे. अपील करणं हा ज्याचा त्याचा हक्क. प्रश्न असा आहे की अपील चालू असताना उपाशी कोण राहणार? आज वाट बघण्याचा सगळा खर्च एकाच बाजूवर आहे. खात्याला दहा वर्षं केस चालली तरी एका साहेबाचा पगार कापला जात नाही. आपल्याकडे दहा वर्षांत पोरांची शाळा सुटते, बैल विकला जातो, माणूस वीटभट्टीवर जातो. म्हणून लवकर तारीख द्या एवढीच मागणी पुरत नाही. ज्यानं अपील केलं त्यानं वाट बघण्याचा खर्च उचलावा, ही आपली मागणी पाहिजे.

ही मागणी आपण हवेतून काढलेली नाही. कायद्यात ती जागोजागी आहे. कामावर अपघात झाला तर १९२३ चा भरपाईचा कायदा आहे. त्यात मालकाला अपील करायचं असेल तर भरपाईची रक्कम आधी जमा करावी लागते, तेव्हाच अपील घेतलं जातं. १९३६ चा पगार वाटपाचा कायदा आहे, त्यातही मालकानं रक्कम आधी भरायची. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही तसंच आहे. आणि आपल्या औद्योगिक विवाद कायद्यात १९८४ पासून कलम १७-बी लागू आहे. ते सांगतं: मजुराला कामावर परत घ्या असा निकाल झाला आणि मालक त्याविरुद्ध हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात गेला, तर केस संपेपर्यंत मजुराला शेवटी मिळत होती तेवढी पूर्ण मजुरी द्यायची. अट एकच. मजूर त्या काळात दुसऱ्या आस्थापनेत नोकरीला नव्हता, असं त्यानं ॲफिडेव्हिटवर सांगायचं.

या कलमाचा अर्ज आपण १९९४ ला केला. उरलेल्या नऊ जणांपैकी सात जणांची ॲफिडेव्हिटं झाली. दोघं त्या महिन्यात भट्टीवर होती, त्यांना निरोपच पोचला नाही. सात जणांना दरमहा मजुरी द्या असा हायकोर्टाचा आदेश झाला. मजुरी १९८५ च्या दरानं मिळते, कारण कलमात शेवटची मजुरी असं लिहिलंय. आजच्या भावात ती थोडीच आहे. कधी दोन महिने थकते, मग वकिलामार्फत पत्र द्यावं लागतं. तरी ती येते.

आणि आता बघा काय झालं. दहा वर्षं खात्याला आपल्याशी बोलायला वेळ नव्हता. महिन्याला सात जणांचे पैसे जायला लागले, काम न घेता जायला लागले, आणि त्यांना घाई झाली. गेल्या महिन्यात दोन घरी माणूस येऊन गेला. म्हणाला, अकरा वर्षं झाली, अजून किती थांबणार, एकरकमी घ्या आणि कागदावर अंगठा द्या. वाट बघण्याचा खर्च त्यांच्या अंगावर थोडासा पडला तर एवढा फरक पडतो. पूर्ण पडला तर काय होईल याचा विचार करा.

त्यांच्या अर्जातला मोठा मुद्दा काय आहे, तेही सगळ्यांना कळलं पाहिजे. ते म्हणतात, जंगलाचं काम हे राज्यकारभाराचं काम आहे, उद्योग नाही, म्हणून कामगार कायदे इथं लागूच होत नाहीत. हाच मुद्दा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या वनमजुरांच्या केसमध्ये सरकारनं सुप्रीम कोर्टापर्यंत नेला होता. ते मजूर पुण्याजवळच्या पाचगाव पर्वतीसारख्या योजनांवर पाच-सहा वर्षं कामाला होते, वर्षाला १०० ते ३३० दिवस. त्यांना कायम करत नव्हते. गेल्या ५ डिसेंबरला, म्हणजे १९९५ ला, सुप्रीम कोर्टानं सरकारचं म्हणणं फेटाळलं. अशा योजनेचं काम म्हणजे राज्यकारभाराचं सार्वभौम काम नव्हे, आणि मजुरांना वर्षानुवर्षं हंगामी ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणं ही अनुचित प्रथा आहे, असं कोर्टानं म्हटलं. हा निकाल त्या योजनांची कामं तपासून दिलेला आहे. तो प्रत्येक कामाला आपोआप चिकटत नाही, कोर्टात तसं दाखवून द्यावं लागेल. पण खात्याच्या अर्जाचा मुख्य खांब आता हलला आहे. तरी अर्ज मागं घेतलेला नाही. असे अर्ज सरकारनं स्वतः तपासून मागं घ्यावेत, ही आपली सरकारकडे मागणी आहे.

आता करायचं काय ते सांगतो. ऐकून सोडू नका, गावात जाऊन करा.

पहिलं, कामाचे दिवस लिहा. कायद्यात १२ महिन्यांत २४० दिवस काम भरलं तर ती एक वर्षाची अखंड नोकरी धरतात. हजेरीपट त्यांच्या कपाटात असतो आणि कोर्टात तो कधीच सापडत नाही. म्हणून प्रत्येक पाड्यावर एक वही ठेवा. तारीख, काम, मुकादम कोण, किती मजुरी मिळाली, हे शाळेत जाणाऱ्या पोरीकडून दर बाजारच्या दिवशी लिहून घ्या. दोन शेजाऱ्यांचे अंगठे घ्या.

दुसरं, कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. पैसे मिळाल्याची पावती आहे असं सांगून राजीनामा लिहून घेतल्याचे प्रकार आपण ऐकलेत.

तिसरं, भट्टीवर जाणाऱ्यांनी जाण्याआधी पत्ता द्या. कुठला तालुका, कुणाची भट्टी, परत कधी. तारीख किंवा ॲफिडेव्हिट असेल तर संघटना माणूस पाठवील. आणि भट्टीवर काम केलं असेल तर वकिलाला खरं सांगा. पोटासाठी काम करणं हा गुन्हा नाही, पण ॲफिडेव्हिटवर खोटं सांगितलं तर अकरांची केस एका खोट्यापायी अडचणीत येते. किती दिवस, किती मजुरी, सगळं सांगा. त्याचं काय करायचं ते वकील बघेल. त्या दोघांची ॲफिडेव्हिटं आता या महिन्यातच करायची आहेत.

चौथं, माणूस गेला म्हणून केस जात नाही. कामगार मेला म्हणून कामगार न्यायालयातलं प्रकरण बंद पडत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. वसुलीचा अर्ज वारस करू शकतात. गेलेल्या दोघांच्या घरच्यांनी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद काढायचे आहेत. ग्रामसेवक हेलपाटे घालायला लावत असेल तर एकट्यानं जाऊ नका, बैठकीला सांगा.

पाचवं, वकिलाच्या फीला घाबरू नका. कामगार न्यायालयात मजुराच्या बाजूनं युनियनचा पदाधिकारी उभा राहू शकतो, वकीलच पाहिजे असं नाही. हायकोर्टात वकील लागतो. त्यासाठी कायदेविषयक मदतीचा १९८७ चा कायदा गेल्या नोव्हेंबरपासून लागू झालाय. अनुसूचित जमातीच्या माणसाला त्यात मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला लागेल. ज्यांचा नसेल त्यांनी आत्ताच अर्ज करा, केस उभी राहिल्यावर धावपळ नको.

सहावं, तारखेला एकटं कुणी जायचं नाही. निदान चौघं जायचं. भाडं गावफंडातून. कोर्टात माणसं दिसली की केस रेंगाळत नाही असं आम्ही म्हणणार नाही. पण एकटा माणूस चार तारखांत खचतो आणि खचला की अंगठा देतो. चौघं गेली तर परत येताना बोलत येतात.

आता राहिला त्या एकरकमी पैशाचा प्रश्न. ज्या दोन घरी माणूस आला, त्या घरांची गरज आम्हाला माहीत आहे. एका घरी लग्न आहे, एका घरी दवाखाना. त्यांनी पैसे घ्यायचा विचार केला म्हणून कुणी त्यांना फुटले म्हणू नका. अकरा वर्षं थांबलेला माणूस फुटलेला नसतो, थकलेला असतो. त्याच्या थकण्यावरच समोरचा डाव मांडतोय. आमचं म्हणणं एवढंच आहे की बोलणं दारात नको, बैठकीत हवं. खात्याला समझोता करायचा असेल तर त्यांनी लेखी द्यावं. त्यात अकराही नावं असावीत, गेलेल्या दोघांच्या वारसांसकट. निकालानं दिलेली निम्मी मजुरी किती होते आणि ते किती देतात, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून वाचले जावेत. कामावर परत घेण्याचं काय, तेही त्यात लिहिलेलं असावं. मग अकरा घरं मिळून जे ठरवतील त्याला संघटना पाठिंबा देईल, घ्यायचं ठरलं तरी आणि लढायचं ठरलं तरी. आणि तोवर त्या दोन घरांची नड भागवायला गावफंडातून उसने द्यावेत, असा ठराव आम्ही आज मांडतो आहोत.

सरकारकडे पाठवायच्या मागण्या चार आहेत. प्रकरण न्यायालयात पाठवायचं की नाही, हे ठरवायला सरकारला स्वतःला मुदत असावी. कामगार न्यायालयाची जागा रिकामी ठेवू नये. खात्यानं अपिलात जाण्याआधी, जाण्याचं कारण आणि त्यावर होणारा खर्च लिहून मजुरांना कळवावा. आणि अपील करायचंच असेल तर निकालाची रक्कम आधी कोर्टात भरावी, मजुराला चालू दरानं मजुरी द्यावी, मग खुशाल वर जावं.

हे ठराव आता वाचून दाखवू. ज्यांना पटत नाही त्यांनी इथंच उठून बोलावं. अकरा घरांची बैठक येत्या बाजारच्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर आहे. घरातली बाई आणि गडी दोघांनीही यायचं आहे.

जिंदाबाद.